मेळवून पाहिले

टायपिंगचा मला मनापासून कंटाळा होता, हे आधीच सांगून टाकतो. भिवापुरात मॅट्रिकनंतर टायपिंगची परीक्षा दिली ती घरच्यांनी धरून बसवलं म्हणून, आणि पुढे नागपुरात नोकरी लागली तीही त्याच परीक्षेच्या जोरावर. म्हणजे बोटांना जे कधीच आवडलं नाही, त्यावरच पोट चाललं. नोकरी धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्यात होती, माती तपासून देणाऱ्या खाजगी प्रयोगशाळेत. शेतकरी कापडी पिशव्यांतून शेतातली माती आणून देत. आत तिची तपासणी होई. मग आमचे साहेब, म्हणजे प्रयोगशाळेचे मालक, हाताने कच्चा अहवाल लिहीत आणि मी तो टाइप करी. सामू इतका, सेंद्रिय कर्ब कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर, आणि खाली खताची शिफारस. माती बदलायची, वाक्यं तीच राहायची.

टाइप झालं की मात्र माझ्या आवडीचं काम यायचं. त्याला आम्ही कम्पेअरिंग म्हणत असू. साहेबांचा दंडक होता की मेळवून पाहिल्याशिवाय एकही कागद बाहेर जाता कामा नये. एका आकड्याची चूक झाली तर शेतकरी पोतं टाकायचं तिथे दोन टाकेल, असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. म्हणून एकाने साहेबांचा हाताने लिहिलेला कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने टाइप केलेल्या प्रतीवर पेन्सिल फिरवत ऐकायचं. ऐकणाऱ्याला दोनच शब्द बोलायची मुभा होती. बरोबर असेल तर ‘हूं’ आणि चूक सापडली तर ‘थांबा’. शेवटी कागदाच्या तळाशी ‘मेळवून पाहिले’ असं छापलेल्या ओळीवर दोघांच्या सह्या.

ऐकणारा मी, आणि वाचणाऱ्या बाई. ऑफिसात त्यांना सगळे बाईच म्हणत. पन्नाशीच्या पुढच्या, आवक-जावक सांभाळणाऱ्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. इंदोऱ्याहून बसने येत. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण पंख्याखाली, खिडकीतून रिक्षांचे भोंगे येत असतानाही शब्द न् शब्द कानात पोचायचा. लहानपणी त्यांच्या गल्लीत विहाराच्या ओट्यावर संध्याकाळी गिरणीतले लोक जमायचे. त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नसे. ही शाळेत जाणारी पोर त्यांना रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवायची, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. कुणी मध्येच झोपलं तरी थांबायचं नाही, असा वडिलांचा हुकूम होता. ती सवय अहवालात उतरली होती. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस पुरा, सगळं त्या वाचत. बातमी मोठी नसली म्हणून काय झालं, असा त्यांचा एकंदर भाव.

वाचताना त्या मध्येच स्वतःचं काहीतरी घालायच्या, त्याच सुरात, खिन्न होऊन नाही की हसून नाही, कागदावरच लिहिलेलं असल्यासारखं.

“सामू आठ पूर्णांक एक, स्वल्पविराम, विद्राव्य क्षार साधारण, स्वल्पविराम, काहून गा, आज डबा दिसून नाही राहिला तुया, स्वल्पविराम, सेंद्रिय कर्ब कमी, पूर्णविराम.”

मी म्हणायचो, “हूं.”

उत्तर द्यायची सोयच नव्हती. उत्तर त्यांना अपेक्षितही नसावं. पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या डब्यात दोन पोळ्या जास्त आणायच्या आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. माझी आई गेली ते त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी तेराव्यानंतर भिवापूरहून परत आलो, त्या दिवशी त्यांनी एका संत्र्याच्या बागेच्या अहवालात, चुनखडीच्या प्रमाणानंतर, ‘आई गेली की घर लय मोठं होते, स्वल्पविराम’ एवढंच वाचलं आणि पुढे गेल्या. पेन्सिल माझ्या हातात होती म्हणून बरं, नाहीतर हातांचं काय करावं ते कळलं नसतं.

हे इतकं सांगतो आहे, कारण त्या वर्षांत माझ्याशी बोलणारा तेवढाच एक आवाज होता. अतिशयोक्ती वाटेल, पण नाही. हनुमाननगरात एक खोली भाड्याने होती, बाहेरून जिना. घरमालक मुलाकडे रायपूरला राहत, खालच्या घराला कुलूप. आई गेल्यावर भिवापूरचं घर भावाचं झालं. मिरचीचा हंगाम, माणसांची वर्दळ, पण मी गेलो की वहिनी पाहुण्याला विचारतात तसं चहा घेणार का विचारायची, आणि मी पाहुण्यासारखंच नको म्हणायचो. मग जाणं कमी झालं. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघण्याचं कारण नसे. खानावळीतला माणूस न विचारताच ताट वाढायचा. सोमवारी सकाळी पहिलं ‘हूं’ म्हणताना घसा साफ करावा लागायचा. मला एकटं वाटायचं, आणि ते मला स्वतःलाच सांगायला लाज वाटायची, कारण तिशीच्या धडधाकट माणसाला त्यात रडण्यासारखं काय आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा साहेबांनी कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासाठी काचेची खोली झाली, खिडकीला पाणी टाकायचा कूलर होता तो काढून थंड हवेचं खरं यंत्र बसलं, आणि दारात चपला काढायचा नियम झाला. धुळीचं कारण सांगितलं होतं. माती तपासायचा आमचा धंदा, आणि मातीलाच आत बंदी. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा चपला काढून, पदर सारखा करून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की इथे हात जोडाचे का नुसतं पाहाचं, ते सांगून दे. साहेबही हसले.

मला सीताबर्डीवरच्या एका क्लासला पाठवलं. तिथे वर्ड प्रोसेसर शिकवला आणि त्याच्याबरोबर बेसिक नावाची प्रोग्रामिंगची भाषाही. वर्ड प्रोसेसर लगेच पटला. एकदा अहवालाचा साचा करून ठेवला, मध्ये रिकाम्या जागा सोडल्या, की फक्त आकडे आणि दोन-चार शब्द भरायचे. देवनागरीचं वेगळं कार्ड बसवलं होतं, त्यामुळे मराठीत छापलं जाई. पण बेसिकने मला झपाटलं. आयुष्यात पहिल्यांदा असं काही भेटलं होतं जे मी सांगितलेलं तसंच्या तसं ऐकत होतं आणि चुकलं तर लगेच सांगत होतं. आपल्याशी बोलायला कुणी नसलं की माणूस कशातही बोलणं शोधतो.

आणि इथे माझ्या डोक्यात तो हिशेब आला. आकडे प्रयोगशाळेतूनच थेट मशीनमध्ये भरले, कर्ब कमी की मध्यम की भरपूर हे बेसिकच्या प्रोग्रामने ठरवलं, शिफारसही त्यानेच निवडली आणि वर्ड प्रोसेसरकडून साच्यात भरून छापून घेतली, तर मला टाइप करायला काही उरत नाही. टायपिंगमध्ये जाणारा अख्खा दिवस मोकळा. अहवालही दुप्पट निघतील. आणि अहवाल दुप्पट म्हणजे कम्पेअरिंग दुप्पट. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाई वाचताहेत आणि मी ऐकतो आहे, असं चित्र मी उघड्या डोळ्यांनी पाहत होतो. आज कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही, पण हा प्रोग्राम मी लिहिला तो निव्वळ त्या चित्रापायी.

आकडे भरणं, शब्द निवडणं, हे सोपं होतं. अडलं ते एकाच ठिकाणी. वर्ड प्रोसेसर सुरू झाला की त्याला माणूस लागायचा. कुणीतरी बटण दाबून सांगायला हवं की आता साचा आणि आकडे एकत्र कर, अमुक फाइल घे, छाप. बेसिक त्याला बाहेरून हुकूम देऊ शकत नव्हतं. मी कितीतरी दिवस त्यावर डोकं आपटलं. शेवटी क्लासच्या मास्तरांनी दिलेल्या एका जुन्या मासिकात युक्ती सापडली. बटणं भराभर दाबली आणि प्रोग्राम दुसऱ्या कामात असला, तर ती बटणं मशीनच्या पोटात एका छोट्या रांगेत थांबून राहतात. बेसिकमधून त्या रांगेत हवी ती बटणं नेऊन ठेवता येतात. मग बेसिकने निघून जायचं, वर्ड प्रोसेसरने यायचं, आणि त्याला वाटायचं की खुर्चीवरचा माणूस बटणं दाबून बसला आहे. रांगेत जागा पंधराएक बटणांचीच, म्हणून फाइलचं नाव मी एका अक्षराचं ठेवलं.

ज्या दुपारी ते जमलं, ती दुपार मला स्वच्छ आठवते. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. पडदा काळा झाला, वर्ड प्रोसेसर उघडला, त्याच्या हुकमांची यादी आली, आणि कुणी हात न लावता एकेक पायरी आपोआप पुढे सरकली. प्रिंटर करकरायला लागला. काटोलच्या, उमरेडच्या, कुही-मांढळच्या मातीचे अहवाल एकामागून एक बाहेर येऊ लागले. खुर्चीत कुणी नसतं तरी ते तसेच आले असते. त्या क्षणी मला ते फार मोठं यश वाटलं. मी ताजा कागद फाडून घेऊन धावतच बाईंच्या टेबलाशी गेलो.

साहेबांना दाखवलं तेव्हा त्यांनी पाठ थोपटली, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना पेढे वाटले. मग कागद उलटासुलटा करून सहज म्हणाले की आता आकडे एकदाच भरले जाणार, मध्ये कुणी टाइप करणार नाही, तेव्हा मेळवायचं कशाशी? कम्पेअरिंग आजपासून बंद.

मी तिथे पेढा हातात धरून उभा होतो. त्यांचं म्हणणं चोख बरोबर होतं. वाचणं होतं ते टायपिंगमुळे होतं, माझ्या बोटांवर भरवसा नव्हता म्हणून होतं. जे मला नकोसं होतं त्याच्याच आधारावर मला हवं ते उभं होतं, आणि इतके आठवडे रात्रंदिवस मेहनत घेऊन मी नेमका तो आधार काढून घेतला होता. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात, पण त्यासाठी क्लास लावणारा मी एकटाच असेन. बाई म्हणाल्या, “मंग आता वाचाचं काही राह्यलंच नाही म्हना.” आणि कच्च्या अहवालांची थप्पी कपाटात ठेवायला उठल्या.

महिन्याभरात त्यांना कळमन्याला पाठवलं. शेतकरी माल घेऊन तिथल्या बाजारात येतात, तेव्हा मातीची पिशवीही तिथेच घ्यावी, म्हणून साहेबांनी यार्डाबाहेर एक गाळा घेतला होता. इंदोऱ्याहून त्यांना ते धंतोलीपेक्षा जवळच होतं. सोयीचंच झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

त्यानंतर काचेच्या खोलीत मी आणि प्रिंटर. साच्यात तळाशी ‘मेळवून पाहिले’ ही ओळ आणि सह्यांच्या दोन जागा तशाच राहिल्या होत्या. मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले राहू दे, कागद भारदस्त दिसतो. एका जागी मी सही करायचो, दुसरी कोरी. संध्याकाळपर्यंत कोऱ्या जागांचा गठ्ठा तयार व्हायचा. दिवसातून तोंड उघडायचं काम इतकं कमी झालं की सोमवार आणि शनिवार सारखेच वाटू लागले. एका रविवारी खोलीवर मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून पाहिलं, स्वल्पविरामांसकट. चार ओळींत थांबलो. आपलाच आवाज रिकाम्या खोलीत ऐकणं मला सहन होईना. माझी अवस्था वाईट होती, आणि ती कुणाला दिसत नव्हती हे जास्त वाईट होतं.

प्रोग्रामात एक चूक पेरावी, असंही मनात आलं. दहा-वीस अहवालांमागे एखादा आकडा सरकला, कुणी तक्रार केली, की कम्पेअरिंग परत सुरू होणार, बाई परत येणार. ओळ अगदी साधी होती. मी ती लिहिलीसुद्धा. पडद्याकडे बघत बसलो आणि मला मिरचीच्या वाफ्यात वाकलेला माझा भाऊ दिसला, हातात पोतं घेतलेला. त्याच्याशी माझं फारसं पटत नाही, पण त्याच्या मातीशी माझं काही भांडण नव्हतं. ओळ पुसली आणि चहा प्यायला खाली गेलो.

शेवटी एक निमित्त काढलं. कळमन्याच्या गाळ्यावरून आलेल्या मातीचे अहवाल पोस्टाने पाठवण्यापेक्षा मी नेऊन देतो, शेतकरी तिथूनच घेतील, असं साहेबांना सांगितलं. ते हो म्हणाले. मी गठ्ठा घेऊन बस पकडली.

यार्डात संत्र्यांचे लिलाव चालू होते. ढिगाऱ्यांभोवती माणसांची कोंडाळी, बोली, शिव्या, गाड्यांची गर्दी. गाळ्याच्या पत्र्याखाली बाई मातीच्या पिशव्यांना चिठ्ठ्या बांधत होत्या. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो.

मी विचारलं बरं आहे ना, त्या म्हणाल्या बरं आहे. त्यांनी विचारलं साहेब कसे आहेत, मी म्हणालो चांगले आहेत. ऊन वाढलं, म्हणालो. वाढलं, म्हणाल्या. इतकी वर्षं समोरासमोर बसलो होतो, पण हातात कागद नसताना आम्ही कधी बोललोच नव्हतो. येताना बसमध्ये मी किती गोष्टी जुळवून ठेवल्या होत्या, त्यांतली एकही तोंडातून निघेना. मग गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवून मी उठलो आणि निघतो म्हणालो.

बाईंनी गठ्ठ्यातला वरचा अहवाल उचलला. त्याला ऑफिसची प्रत जोडलेली होती, ती सोडवून माझ्यापुढे धरली. दोन्ही एकाच मशीनमधून, एकाच साच्यातून निघालेल्या. त्यांत फरक असणं शक्य नव्हतं, आणि हे त्यांनाही माहीत होतं.

“बस,” त्या म्हणाल्या. “पेन्सिल हाय ना?”

मी बसलो. खिशातून पेन्सिल काढली. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. बोली लावणाऱ्यांच्या आरडाओरड्यातही शब्द न् शब्द ऐकू येत होता. नमुना क्रमांक, गाव, पीक संत्रा. मी ‘हूं’ म्हणत पुढे सरकत होतो.

“सामू सात पूर्णांक नऊ, स्वल्पविराम, विद्राव्य क्षार साधारण, स्वल्पविराम, घरी पोरगा-सून कामाले जातात, स्वल्पविराम, दिवस बुडेपर्यंत मले कोनी बोलाले नाही, स्वल्पविराम, तुले तरी कोन हाय, स्वल्पविराम, रविवारी घरी येत जा गा, पूर्णविराम. सेंद्रिय कर्ब मध्यम, स्वल्पविराम.”

“थांबा,” मी म्हणालो.

त्या थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कुठं चुकलं?”

“चुकलं नाही, बाई. ती ओळ परत वाचा.”

त्यांनी कागदावर बोट मागे नेलं, जणू ते तिथे लिहिलेलंच होतं, आणि तसंच्या तसं परत वाचलं. त्याच सुरात, प्रत्येक स्वल्पविरामासकट, पूर्णविरामापर्यंत. मी ‘हूं’ म्हणालो. मग त्यांनी शिफारस वाचली, तळाची ओळ वाचली, आणि पेन काढून कोऱ्या जागेवर सही केली. दुसऱ्या जागी माझी होतीच.

तेवढ्यात ज्याचा तो अहवाल होता तो शेतकरी पिशवी घेऊन गाळ्यावर आला. कळमेश्वरकडचा असावा. बाईंनी कागद त्याच्या हातात दिला. त्याने वरखाली पाहिलं, वाचता येत होतं की नाही कोण जाणे, आणि विचारलं, “बरोबर हाय ना हे, बाई?”

“बरोबर हाय,” बाई म्हणाल्या. “दोघांनी मिळून पाह्यलं.”

त्याने घडी घालून तो कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी पुढच्या अहवालाची ऑफिसची प्रत सोडवून घेतली.